निवडून दिलं तेही त्यांनीच, घरी पाठवलं तेही त्यांनीच: तैवानचे हान कुओ-यू आणि 'रिकॉल'चं गणित

26 जुलै 2025 रोजी तैवानमध्ये एक विलक्षण मतदान झालं. संसदेत बसलेल्या 24 खासदारांना मुदत संपण्याआधीच घरी पाठवायचं का, एवढाच प्रश्न मतदारांपुढे होता. चोवीसच्या चोवीस वाचले. महिनाभरात, 23 ऑगस्टला, आणखी 7 जणांची अशीच परीक्षा झाली आणि तेही वाचले. आपल्याकडे ही बातमी दोन-चार ओळींत येऊन गेली. ज्यांनी ती वाचली त्यांचा पहिला प्रश्न साधारण सारखाच होता: निवडून आलेल्या माणसाला असं मध्येच काढता येतं? मग निवडणुकीला अर्थ काय राहिला?

या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या कलमांतून देता येईल, पण मला ते एका माणसाच्या आयुष्यातून द्यायचं आहे. ज्या संसदेतल्या खासदारांवर हे मतदान झालं, तिच्या अध्यक्षपदी हान कुओ-यू बसलेले आहेत. 2020 साली ते दक्षिण तैवानमधल्या काओशुंग या शहराचे महापौर होते, आणि त्या शहराने त्यांना मतदान करून पदावरून काढलं. तैवानच्या इतिहासात महापौरावर ही वेळ आलेली ती पहिलीच. चार वर्षांनी हाच माणूस संसदेचा अध्यक्ष झाला. (चिनी पद्धतीत आडनाव आधी येतं, म्हणून आपण त्यांना हान म्हणू.)

मतदारांनी लोकप्रतिनिधीला मुदतीआधी परत बोलावणं म्हणजे रिकॉल. हा शब्द पुढे वारंवार येईल, तेव्हा इथेच त्याचा अर्थ पक्का करून घेऊ. न्यायालयाने अपात्र ठरवणं वेगळं, सभागृहातला अविश्वास ठराव वेगळा. रिकॉलमध्ये निर्णय मतपेटीतून होतो आणि तो देणारे सामान्य मतदारच असतात.

तिथला महापौर म्हणजे आपला महापौर नव्हे

महाराष्ट्रात महापौर म्हटलं की नगरसेवकांनी निवडलेला, अडीच वर्षांचा, मानाचा पण मर्यादित अधिकारांचा माणूस डोळ्यासमोर येतो. पालिकेचा गाडा प्रत्यक्षात आयुक्त हाकतात. तैवानचा महापौर वाचताना हे चित्र बाजूला ठेवावं लागतं, नाहीतर पुढची सगळी गोष्ट अनाकलनीय वाटेल.

काओशुंगसारख्या शहरात महापौर जनता थेट निवडते, चार वर्षांसाठी. शिक्षण, रस्ते, आरोग्य, समाजकल्याण अशा खात्यांच्या प्रमुखांची निवड बहुतांशी तोच करतो. हे शहरही लहान नाही. 2010 साली जुनं काओशुंग शहर आणि भोवतालची काओशुंग काउंटी एकत्र केली गेली, त्यामुळे आजच्या महापालिकेत बंदर आणि पोलाद कारखाने आहेत तशी केळीची शेती, डोंगरातली आदिवासी गावंही आहेत. लोकसंख्या 27 लाखांच्या पुढे. अशा सहा मोठ्या महापालिका तैवानमध्ये आहेत आणि त्यांच्या महापौरांचं वजन जवळपास आपल्या एखाद्या छोट्या राज्याच्या मुख्यमंत्र्याइतकं असतं.

यातली कळीची गोष्ट अशी की नगरपरिषदेला महापौरावर अविश्वास ठराव आणता येत नाही. परिषद अंदाजपत्रक अडवू शकते, जाब विचारू शकते, पण त्याला खुर्चीवरून उठवू शकत नाही. आपल्याकडे थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश मतांनी अविश्वास ठराव आणला तर त्यावर ग्रामसभेची मोहोर लागते. म्हणजे निदान सुरुवात सदस्य करू शकतात. तैवानात मुदतीआधी महापौर राजकीय कारणासाठी बदलायचा तर मार्ग एकच: ज्यांनी निवडलं त्यांच्याकडेच परत जायचं.

सैनिकांच्या वसाहतीतून भाजीबाजारापर्यंत

हान यांचा जन्म 1957 चा, राजधानी तैपेईला लागून असलेल्या बानछियाओचा. घराणं मूळचं चीनच्या हनान प्रांतातलं, वडील सैन्यात. 1949 साली चीनमधलं यादवी युद्ध हरल्यावर कुओमिंतांग पक्षाचं सरकार आणि सैन्य तैवानला आलं. त्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी ठिकठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. अशाच वातावरणात हान वाढले. या वसाहतींतल्या लोकांची कुओमिंतांगवर घरच्यासारखी निष्ठा असे. हान यांनी काही काळ सैनिकी शिक्षण घेतलं, मग इंग्रजी साहित्यात पदवी आणि पूर्व आशिया अभ्यासात पदव्युत्तर शिक्षण घेतलं.

1990 मध्ये ते तैपेई काउंटीचे नगरसेवक झाले आणि 1993 मध्ये थेट खासदार. त्याच वर्षी निवृत्त सैनिकांच्या खर्चावरून सभागृहात वाद पेटला आणि हान यांनी चेन श्वी-बियान या विरोधी खासदारावर हात उचलला. चेन यांना रुग्णालयात न्यावं लागलं. हेच चेन पुढे 2000 साली तैवानचे राष्ट्राध्यक्ष झाले. हान यांची खासदारकी 2002 मध्ये संपली आणि नंतरची पंधरा वर्षं ते राष्ट्रीय राजकारणातून जवळजवळ पुसले गेले. मधल्या काळात त्यांनी एका उपनगराचं उपमहापौरपद सांभाळलं. पत्नी ली चिया-फेन युनलिन या शेतीप्रधान काउंटीत नगरसेविका होत्या.

मग त्यांच्याकडे तैपेईच्या घाऊक भाजी-फळांच्या कंपनीचं व्यवस्थापन आलं. आपल्या बाजार समितीसारखं काम: पहाटे गाड्या येणार, लिलाव होणार, दर फुटणार, शेतकरी आणि व्यापारी दोघेही नाराज होऊन भांडायला येणार. 2017 मध्ये ते तिथून बाहेर पडले, कुओमिंतांगच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास मतं मिळवून हरले. पक्षाने त्यांना काओशुंग शाखेचं काम दिलं. ती बढती नव्हती. काओशुंग म्हणजे प्रतिस्पर्धी डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टीचा (पुढे 'डीपीपी') बालेकिल्ला. 1979 साली लष्करी राजवटीविरुद्धचं मोठं आंदोलन याच शहरात चिरडलं गेलं होतं, त्यातून पुढे डीपीपीचं नेतृत्व घडलं. 1998 नंतर वीस वर्षं कुओमिंतांगला इथलं महापौरपद मिळालं नव्हतं.

मग हा माणूस जिंकला कसा?

या प्रश्नावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे.

काओशुंग हे 1990 च्या दशकात जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं कंटेनर बंदर होतं. पोलाद, जहाजबांधणी, तेलशुद्धीकरण, सगळं तिथे. नंतर चीनची बंदरं पुढे गेली, कारखाने बाहेर गेले आणि चांगल्या पगाराच्या नोकऱ्या उत्तरेकडे तैपेई आणि शिंचूच्या बाजूला एकवटल्या. शिकलेली मुलं उत्तरेला जायची, सणाला घरी यायची आणि पुन्हा जायची. त्यांना तिथे 'बेईपियाओ' म्हणतात, म्हणजे 'उत्तरेला वाहत गेलेले'. ज्यांच्या घरातून एक पिढी मुंबईला चाकरीला गेली, त्या कोकणातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

2018 च्या निवडणुकीत हान यांनी याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. काओशुंग म्हातारं झालंय आणि गरीब झालंय, असं ते उघड म्हणाले. स्थानिक सत्ताधाऱ्यांना हे झोंबलं, पण ज्यांची मुलं तैपेईत होती त्यांना ते आपल्याच मनातलं वाटलं. त्यांची घोषणा शाळकरी मुलांच्या तोंडी बसेल इतकी सोपी होती: माल बाहेर जाऊ दे, माणसं आत येऊ दे, काओशुंग श्रीमंत होऊ दे. स्वतःची ओळख ते 'भाजी विकणारा' अशी करून देत. प्रचाराचा खर्च म्हणजे एक वाटी मांस-भात आणि एक पाण्याची बाटली, असं सांगत. टक्कल हीच त्यांची निशाणी झाली. ऑगस्टमध्ये मोठा पाऊस होऊन शहरात पाणी भरलं, रस्त्यांची चाळण झाली आणि खड्डे हा प्रचाराचा मुद्दा बनला. फेंगशान, छीशान, कांगशान या तीन ठिकाणच्या सभांना अफाट गर्दी लोटली. माध्यमांनी तिला 'हान लाट' म्हटलं. कोरियन गाण्यांच्या लाटेला चिनीत जो शब्द आहे तोच हा, कारण हान यांच्या आडनावाचं अक्षर आणि कोरियाचं अक्षर एकच आहे.

24 नोव्हेंबर 2018 ला त्यांना 8,92,545 मतं मिळाली. डीपीपीचे चेन ची-माय 7,42,239 मतांवर थांबले. ज्यांनी आयुष्यभर डीपीपीला मत दिलं, त्यांच्यातल्याही पुष्कळांनी या खेपेला हान यांना दिलं असणार. त्याशिवाय त्या शहरात हे आकडे जुळत नाहीत. ही उसनी मतं होती, आणि उसनवारीत परतफेडीची अपेक्षा असते.

बिनसलं कुठे?

प्रचारात दिलेली काही वचनं ऐकायला भव्य होती: दहा वर्षांत लोकसंख्या 50 लाखांवर नेणं, मोठा आकाशपाळणा उभारणं, दक्षिण चिनी समुद्रातल्या ताइपिंग बेटावर तेल शोधणं. महापौर झाल्यावर नगरपरिषदेत तपशील विचारले जाऊ लागले. मे 2019 मध्ये ह्वांग जिये या तरुण नगरसेविकेने मुक्त आर्थिक क्षेत्राच्या कल्पनेवर नेमके प्रश्न विचारले. उत्तरात 'काओशुंग श्रीमंत होईल' हीच घोषणा घोळून घोळून येत राहिली. तिने वैतागून डोळे वर फिरवले आणि तेवढी चित्रफीत देशभर पसरली. शहराला आराखडा हवा होता आणि महापौरांकडे घोषणाच आहे, हे एका नजरेत लोकांना दिसलं.

तरी माझ्या मते एवढ्यावर कुणी महापौराला काढत नाही. आश्वासनं न पाळणारे नेते जगभर मुदत पूर्ण करतात. काओशुंगकरांना खरा घाव बसला तो वेगळा. महापौरपदाची शपथ घेऊन वर्षही झालेलं नसताना हान राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले. जुलै 2019 मध्ये त्यांनी पक्षांतर्गत चाचणीत फॉक्सकॉन कंपनीचे संस्थापक टेरी गौ यांना हरवलं आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून जवळपास तीन महिने महापौरपदावरून रजा घेऊन देशभर प्रचार केला. 'मुलांना घरी परत आणतो' असं सांगून आलेला माणूस स्वतःच तैपेईची वाट धरून निघाला होता.

त्यातच 2019 हे हाँगकाँगच्या आंदोलनांचं वर्ष होतं. मार्चमध्ये हान हाँगकाँग, मकाऊ आणि चीनच्या शहरांचा दौरा करून शेतमालाचे करार करून आले होते. काही महिन्यांनी हाँगकाँगच्या रस्त्यांवरची दृश्यं पाहणाऱ्या तैवानी मतदारांना तो दौरा नकोसा वाटू लागला. 11 जानेवारी 2020 ला डीपीपीच्या राष्ट्राध्यक्षा त्साय इंग-वेन यांना 81 लाखांहून अधिक मतं पडली, हान यांना 55 लाख. काओशुंग शहरातले आकडे तर अधिकच बोलके आहेत: त्साय जवळपास 11 लाख, हान सुमारे 6 लाख 11 हजार. तेरा महिन्यांपूर्वी याच शहराने त्यांना जवळपास नऊ लाख मतं दिली होती.

उभी बाटली, आडवी बाटली आणि रिकॉल

आता कायद्याकडे येऊ. तो अवघड वाटतो, पण महाराष्ट्रातल्या वाचकाला त्याची चांगली ओळख आहे, फक्त दुसऱ्या नावाने. गावातलं किंवा प्रभागातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी आपल्याकडे मतदान होतं. आधी सह्यांचं निवेदन, मग मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. नुसती आडवी बाटली पुढे असून भागत नाही. यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं तिला पडावी लागतात. त्यामुळे बायका झुंबड करून आल्या, आडव्या बाटलीवर शिक्के मारून गेल्या आणि तरीही दुकान चालूच राहिलं, असं कित्येक ठिकाणी झालं आहे.

रिकॉलचं गणित याच जातीचं आहे. तैवानच्या संविधानातच निवडण्याच्या हक्काच्या शेजारी परत बोलावण्याचा हक्क लिहिलेला आहे. मात्र कायद्याने त्याभोवती इतकं उंच कुंपण घातलं होतं की तो हक्क कागदावरच होता. निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान केलंच पाहिजे, अशी अट होती. शिवाय रिकॉलचा प्रचार करायलाही बंदी. 2015 मध्ये तैपेईतले एक खासदार त्साय चेंग-युआन यांच्याविरुद्ध रिकॉल झाला, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी 97 टक्क्यांहून अधिक लोक त्यांना काढण्याच्या बाजूचे होते. मतदान मात्र 25 टक्क्यांच्या आत राहिलं. खासदार जागेवरच.

2016 च्या अखेरीस कायदा बदलला आणि प्रचाराची बंदी उठली. आता पायऱ्या तीन आहेत. पदावर एक वर्ष झाल्याशिवाय प्रस्ताव दाखल करता येत नाही. मग एक टक्का मतदारांच्या सह्यांनी प्रस्ताव, त्यानंतर ठरावीक दिवसांत दहा टक्के मतदारांच्या सह्या, आणि शेवटी प्रत्यक्ष मतदान. मतदानात दोन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात: 'काढा' म्हणणारे 'ठेवा' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त हवेत, आणि 'काढा' मतं एकूण मतदारांच्या किमान पाव हिस्सा भरायला हवीत.

हजार मतदारांचं गाव धरा. 240 जण 'काढा' म्हणाले आणि फक्त 10 'ठेवा', तर पुढारी वाचला, कारण 250 भरले नाहीत. 300 'काढा' आणि 310 'ठेवा' असतील तरी वाचला. 260 'काढा' आणि 100 'ठेवा' असेल तर गेला. जुन्या नियमात ही तिसरी लढतही बाद ठरली असती, कारण मत द्यायला 360 जणच आले.

6 जून 2020

काओशुंगमध्ये सह्यांचं काम हान प्रचाराला निघाले तेव्हापासूनच सुरू होतं. शहराच्या सांस्कृतिक विभागाचे माजी प्रमुख यिन ली हे मोहिमेच्या चेहऱ्यांपैकी एक. हान यांची वर्षपूर्ती झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 26 डिसेंबर 2019 ला, पहिल्या टप्प्याच्या सह्या दाखल झाल्या. दुसऱ्या टप्प्याला सुमारे 2 लाख 28 हजार सह्या लागत होत्या, आयोजकांनी चार लाखांवर गोळा केल्या. वर्ष पूर्ण होण्याआधीच सह्या घेतल्या म्हणून ही प्रक्रिया बेकायदा आहे, असं म्हणत हान न्यायालयात गेले. न्यायालयाने मतदान थांबवायला नकार दिला. या आक्षेपात मला थोडं तथ्य वाटतं. नव्या माणसाला वर्षभर निवांत काम करू द्यावं म्हणून तो नियम आहे, आणि त्याच वर्षात दारोदार अर्ज भरून घेतले जात असतील तर नियमाचा हेतू निम्मा गळून पडतो.

मग हान यांनी समर्थकांना एक सल्ला दिला: मतदानाला जाऊच नका, केंद्रांवर लक्ष ठेवा. पाव हिस्स्याची अट असली की 'ठेवा' म्हणणाऱ्यांनी घरी बसणं फायद्याचं वाटतं, कारण त्यांच्या न येण्याने 'काढा' मतं वाढत नाहीत. पण याची दुसरी बाजू भयंकर आहे. एका बाजूने बहिष्कार टाकला की केंद्रात जाणारा प्रत्येक जण आपोआप 'विरोधक' म्हणून दिसू लागतो. गुप्त मतदानातली गुप्तता दारातच संपते. लहान गावात, ओळखीच्या माणसांसमोरून चालत केंद्रावर जायला किती बळ लागत असेल याचा विचार करा.

तरीही लोक गेले. तैवानमध्ये जिथे नोंद आहे तिथेच मत देता येतं, टपालाने नाही. त्यामुळे उत्तरेला राहणारी कितीतरी तरुण मुलं रेल्वेने घरी आली. ज्यांना परत आणण्याचं वचन होतं, ते 'बेईपियाओ' या कारणासाठी परत आले.

निकाल असा: काढा 9,39,090. ठेवा 25,051. लागत होती सुमारे 5 लाख 75 हजार. मतदान 42 टक्के.

इथे हटकून विचारलं जातं की 58 टक्के लोक आलेच नाहीत, मग हा जनादेश कसला? रास्त प्रश्न आहे. पण 'काढा' मतांचा आकडा 2018 च्या त्यांच्या विजयी मतांच्या शेजारी ठेवून पाहा. निवडून आले तेव्हा एकूण मतदारांपैकी साधारण 39 टक्क्यांनी त्यांना मत दिलं होतं, काढलं तेव्हा जवळपास 41 टक्क्यांनी. आणण्यासाठी जितके हात वर झाले, त्याहून जास्त हात परत पाठवण्यासाठी झाले. पाव हिस्स्याच्या अटीबद्दल कुणाला काही वाटो, काओशुंगने ती अट कितीतरी मागे टाकली होती. ऑगस्टमधल्या पोटनिवडणुकीत चेन ची-माय 70 टक्के मतांनी महापौर झाले.

"हा तर हरलेल्यांचा सूड झाला"

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण पुढच्या दीड वर्षात तो बऱ्याच अंशी खरा ठरला. काओशुंगनंतर हान यांच्या बाजूने हिशेब चुकते करायला घेतले. जानेवारी 2021 मध्ये ताओयुआनचे नगरसेवक वांग हाओ-यू रिकॉलमध्ये गेले. फेब्रुवारीत ज्यांनी डोळे फिरवले होते त्या ह्वांग जिये यांच्यावर मतदान झालं, त्या टिकल्या. ऑक्टोबरमध्ये ताइचुंगचे खासदार चेन पो-वेई साडेचार हजारांच्या आसपास मतांच्या फरकाने पद गमावून बसले. नगरसेवक आणि खासदारांच्या मतदारसंघात पाव हिस्सा म्हणजे लाखो नव्हे, काही दहा हजार मतं. संघटना पक्की असलेल्या पक्षाला ती गोळा करणं कठीण नाही.

म्हणून मला वाटतं, रिकॉलचा धोका मोठ्या पदांपेक्षा छोट्या पदांना जास्त आहे. मध्य प्रदेशात नगराध्यक्षांना परत बोलावण्याचा कायदा आहे आणि तिथे मतपत्रिकेवर रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची अशी चित्रं असतात. चित्र सोपं आहे. पण ती खुर्ची कुणाला रिकामी हवी आहे, लोकांना की दुसऱ्या गटाला, ते त्या चित्रात दिसत नाही.

मग हान परत आलेच कसे?

रिकॉल झालेल्याला चार वर्षं त्याच मतदारसंघातून त्याच पदासाठी उभं राहता येत नाही, बाकी देश मोकळा असतो. त्यात गुन्ह्याचा शिक्का नसतो. तैवानच्या संसदेत 113 जागा आहेत. त्यातल्या 34 पक्षाच्या यादीतून भरतात: मतदार पक्षाला मत देतो, पक्ष आपल्या यादीतली नावं क्रमाने पाठवतो. जानेवारी 2024 च्या निवडणुकीत कुओमिंतांगने हान यांचं नाव यादीत पहिलं ठेवलं. कुठल्याही शहरापुढे हात न जोडता ते संसदेत पोहोचले. 1 फेब्रुवारी 2024 ला 54 विरुद्ध 51 मतांनी ते अध्यक्ष झाले.

राष्ट्राध्यक्षपद डीपीपीकडे आणि संसदेत बहुमत विरोधकांकडे, अशी तेव्हापासूनची स्थिती आहे. संसदेचे अधिकार वाढवणारे कायदे, संविधान न्यायालयाबाबतचे बदल, अंदाजपत्रकातली कपात यावरून संघर्ष वाढला. डिसेंबर 2024 मध्ये विरोधी बहुमताने रिकॉलचा कायदाही कडक केला. सह्यांसोबत ओळखपत्राची प्रत सक्तीची झाली. त्यातून 2025 चं रिकॉल-सत्र पेटलं. दोन्ही बाजूंनी अर्ज आले, पण मतदानापर्यंत पोहोचले ते कुओमिंतांगच्याच खासदारांविरुद्धचे. डीपीपीविरोधी अर्जांत मृतांच्या नावे सह्या असल्याच्या संशयावरून चौकशा झाल्या.

2020 ला जमलं ते 2025 ला का नाही?

सह्यांचे नियम कडक झाले होते, पण मतदानाचं गणित तेच, पाव हिस्स्याची अटही तीच. बदललं ते दुसऱ्या बाजूचं वागणं. कुओमिंतांगने काओशुंगचा धडा घेतला होता. घरी बसा म्हणण्याऐवजी या वेळी त्यांनी समर्थकांना सांगितलं, घराबाहेर पडा आणि 'ठेवा'वर शिक्का मारा. अनेक ठिकाणी निम्म्याहून अधिक मतदान झालं. काही मतदारसंघांत 'काढा' मतांनी पाव हिस्सा ओलांडलाही, पण 'ठेवा' मतं त्याहून जास्त होती.

माझ्या मते दुसरंही एक कारण आहे. 2020 मध्ये काओशुंगकरांची तक्रार त्या एका माणसाविषयी होती आणि ती त्याच्या मतदारांचीही होती. 2025 मध्ये चोवीस जणांना एकाच आरोपाखाली एकत्र बांधलं गेलं. तुमच्या भागातल्या खासदाराने रस्ता करून दिला असेल, तुमच्या आईच्या दवाखान्याच्या कामात मदत केली असेल, तर फक्त त्याच्या पक्षासाठी त्याला काढा म्हणणं तुम्हाला पटेलच असं नाही. दीड वर्षापूर्वीच त्याला निवडून दिलेलं असतं. विरोधी पक्षाचा मतदार तर हलतच नाही, आणि मधला मतदार हलला नाही की पाव हिस्सा पुरत नाही.

अध्यक्षांच्या खुर्चीला रिकॉल का नाही?

या सगळ्या काळात हान अध्यक्षांच्या आसनावरच होते. त्यांच्याविरुद्ध रिकॉलचा अर्ज आला नाही, येऊही शकत नव्हता. तैवानचा कायदा सांगतो की पक्षाच्या यादीतून आलेल्या खासदारांना रिकॉल लागू नाही. त्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे: परत बोलावतं ते निवडून देणारं गाव, आणि यादीतल्या खासदाराला गावच नसतं. तरी मला हा तर्क अपुरा वाटतो. मतदारांनी ज्याला एकदा स्पष्ट शब्दांत परत पाठवलं, त्याला पक्षाने मागच्या दाराने आणता येत असेल, तर त्या मतदारांना पुढच्या निवडणुकीत त्या पक्षाची यादी नावानिशी वाचून मत देण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही. ती यादी निवडणुकीआधी जाहीर होते, आणि 2024 मध्ये पहिल्या क्रमांकावर हान कुओ-यू हे नाव कुणालाही वाचता येईल असं छापलेलं होतं.